अर्धी अक्षरं तुमच्याकडे

पडद्यावर आधी एल उमटला, मग जी, मग एन… आणि गाडी तिथेच अडली.

'लॉगिन' एवढा साधा शब्द. इंग्रजीत लिहिला तर पाच अक्षरं. त्यातली दोन गेली कुठे?

नदीकाठच्या त्या पंपघराच्या वरच्या मजल्यावर ती सकाळपासून फरशीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर लॅपटॉप, गळ्यात केबलींची वेटोळी, दातांत टॉर्च. खालच्या पंपांच्या घरघरीने फरशी अशी थरथरत होती, की शेजारी ठेवलेल्या चहाच्या कपात एकसारखी वलयं उठत होती. कंपनीने तिला पाठवलं होतं ते जुना सर्व्हर काढून नवा बसवायला. पंप कधी सुरू करायचे, कधी थांबवायचे, टेकडीवरची टाकी किती भरली, हे सगळं तो जुना सर्व्हर बघायचा. लिनक्सवर चालणारा, म्हाताऱ्या बैलासारखा इमानी. पण त्याचं नेटवर्कचं कार्ड जळालं होतं आणि त्याला पडदा तर कधी नव्हताच. त्याच्याशी बोलायचं एकच दार उरलं होतं, सिरीयल कन्सोल. एक जाडशी केबल सर्व्हरमधून निघून एका छोट्या मधल्या संगणकात शिरायची. त्या केबलीवरून अक्षरं मुंग्यांसारखी एकामागून एक येणार, आणि आपण त्या मधल्या डब्यात शिरून ती वाचायची.

पहिल्यांदा नुसता कचरा आला. ते तिला ठाऊक होतं. बोलणारा भरभर बोलतो, ऐकणारा सावकाश ऐकतो, मग असंच होणार. दोन्हीकडचा वेग तिने एक केला. कचरा गेला, पण अक्षरं गळायला लागली. केबल बदलली. टोकांतली धूळ फुंकली. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानाला नीट जोडलंय ना, तेही तारन् तार तपासून झालं. सगळं ठाकठीक. तरी दर वेळी निम्मी अक्षरं गायब, आणि तीही दर वेळी वेगळी!

शेवटी तिने मधल्या डब्यालाच विचारलं, बाबा रे, ही लाईन आणखी कुणी उघडून बसलंय का?

डब्याने निमूटपणे दोन नावं दाखवली. एक तिचं. दुसरं खालच्या कंट्रोल रूममधलं, आणि ते किती दिवसांपासून उघडं होतं त्याला गणतीच नव्हती.

ती लॅपटॉप छातीशी धरून तरातरा जिना उतरली. खाली एक तरुण पडद्यासमोर कपाळाला आठ्या घालून बसला होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हाताला ग्रीसचा डाग.

"अहो, माझी अक्षरं तुम्ही घेताय," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या गळ्यातल्या केबलींकडे.

"मी? बाई, मी सकाळपासून डोकं खाजवतोय, माझी कोण पळवतंय म्हणून."

"दाखवा बघू तुमच्याकडे काय आलंय."

त्याच्या पडद्यावर दोनच अक्षरं होती. ओ, आय.

तिने आपला लॅपटॉप त्याच्या पडद्याला चिकटवून ठेवला. दोघांनी वाकून, बोट ठेवत ठेवत वाचलं. एल तिचा, ओ त्याचा, जी तिचा… शब्द पुरा झाला तेव्हा दोघंही एकदमच हसली.

"एका लाईनवर एकानेच बसायचं असतं," ती म्हणाली. "दोघं बसले की ज्याने आधी झडप घातली त्याचं अक्षर. निम्मं तुम्हाला, निम्मं मला."

"मग तुम्ही उठा."

"मी का उठू? मी कामाला आलेय."

"आणि मी काय पाहुणा आहे? मी कामावरच असतो. रात्रंदिवस."

"पण पडद्यावरची ही खिडकी कायम उघडी कशाला ठेवता? काम झालं की बंद करावी माणसाने."

त्याचं हसू जरा मावळलं. तो बाह्या उगाचच नीट करत राहिला.

"हा सर्व्हर मध्येच आपला आपण बंद पडून सुरू होतो," तो म्हणाला. "आणि सुरू होताना अडून बसतो. कुणीतरी कळ दाबा म्हणतो. दाबली नाही तर असाच तोंड मिटून बसणार, पंप बंद. आई गेली त्या दिवशी… आम्ही तिला पोचवायला गेलो होतो. परत आलो तर दारात माणसं भांडी घेऊन उभी. टाकी कोरडी पडली होती. कुणी काही बोललं नाही. पण भांडी हातात होती ना… तेव्हापासून ही खिडकी मिटली नाही मी."

तिने लॅपटॉप उचलला आणि जिन्याकडे वळली. पायरीवर थांबून म्हणाली, "मी माझी बंद करते. लागेल तेव्हा वरून हाक मारीन. तेवढ्यापुरती तुम्ही तुमची मिटा."

"हाक ऐकू येणार नाही. पंप आहेत."

"मग?"

"मग… यावं लागेल खाली."

तिने ओठ दाबून हसू लपवलं. पण त्याला ते दिसलंच.

कामं लांबतात, आणि लांबावीशी वाटली तर जास्तच लांबतात. नवा सर्व्हर आणून उभा केला, जुन्यातलं एकेक काम उचलून नव्यात बसवायचं सुरू झालं. आणि होता होता एक खेळ जमला. सर्व्हर लॉगिन मागत उभा असताना आपण काहीही टंकलं, की तो तेच पुन्हा बोलून दाखवतो. ती वरून काहीतरी लिहायची. इंग्रजी अक्षरांत मराठी, कारण त्या जुनाट लाईनीवर आपली लिपी चालत नसे. निम्मी अक्षरं तिच्याकडे उमटत, निम्मी त्याच्याकडे. वाक्य पुरं वाचायचं तर दोन्ही पडदे शेजारी मांडायला हवेत. म्हणजे एकाने जिना चढायचा, नाहीतर दुसऱ्याने उतरायचा.

"काय लिहिलंय?" तो धापा टाकत वर येऊन विचारायचा.

"तुमच्याकडे काय आलंय ते सांगा आधी."

"ते सांगितलं तर तुम्ही तुमचं लपवणार."

"असं करते का मी कधी?"

"परवा केलंत. आणि वाक्य निघालं काय, तर 'चहा पाठवा'. त्यासाठी मी धावत आलो!"

"मग पाठवलात का चहा?"

"घेऊन आलो होतो की. दोन कप. मोजता येत नाही का तुम्हाला?"

जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज आला, की तिचा हात आपोआप केसांवरून फिरायचा. ती स्वतःवरच चिडायची. वय काय, वागणं काय! पण हात ऐकत नसे.

पंपघराला लागूनच त्याचं घर होतं. खिडकीशी खाटेवर त्याचे बाबा पडून असायचे. त्याच्या आधी हे पंपघर त्यांनीच सांभाळलं होतं. आता कालचं आज आठवत नसे, पण कान शाबूत. "दोन नंबर खोकतोय रे," ते खिडकीतून ओरडायचे, आणि खरोखरच दुसऱ्या पंपाचं पॅकिंग ढिलं झालेलं निघायचं. तिला बघून दर वेळी नव्याने विचारायचे.

"तू कुणाची गं?"

"मी तारांची, बाबा."

"तारावाली होय! चांगलंय. याला जरा तारेवर आण."

मग दोघांनाही कुठे बघावं कळायचं नाही. तो पंपाकडे बघायचा, ती खिडकीच्या गजांकडे.

एकदा थोरल्या मुलीने बाबांना शहरात आपल्या घरी नेलं होतं. तिकडे पंपांचा आवाज नाही. म्हातारा रात्रभर टक्क जागा, आणि पहाटे दार उघडून आवाज शोधत निघून गेला. परक्या कुणीतरी हाताला धरून परत आणलं. "तेव्हापासून हलवत नाही," तो एवढंच म्हणाला होता. ती त्यातलं सगळं समजली होती. समजायला नको होतं, असंही तिला वाटलं होतं.

एका दुपारी तिने जुन्या सर्व्हरला मुद्दाम बंद करून सुरू केलं आणि तो कुठे अडतो ते डोळ्यांत तेल घालून बघितलं. कारण एवढंसं निघालं. त्याला कळफलक जोडलेला नव्हता. सुरू होताना तो कळफलक शोधायचा, सापडला नाही की रुसून बसायचा आणि म्हणायचा, कळ दाबा. त्याच्या अगदी आतल्या सेटिंगमध्ये 'कळफलक नसला तरी पुढे चल' असं सांगायची सोय होती. कन्सोलवरून तिथपर्यंत पोचायचं, एक बदल करायचा, झालं. तिने तो केला. मग त्याला बोलावलं, त्याच्यासमोर सर्व्हर बंद केला, सुरू केला. पंप एकेक करून आपले आपण घरघरायला लागले. आणि या वेळी लाईनीवर एक नवं वाक्य आलं. दोघांनी पडदे जवळ धरून वाचलं.

'जेवलास का?'

"हे काय?"

"सुरू झाला की दर वेळी विचारील. मी शिकवलंय त्याला," ती म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की वाक्यात आपण 'जेवलास' लिहिलंय. 'जेवलात' नाही.

त्याच्याही लक्षात आलं होतं. त्याने त्या वाक्यावरून एकदा बोट फिरवलं.

"आणि बंद होताना पण बोलतो का हा?"

"बोलायला लावलं तर बोलतो. दाखवू?"

तिने दाखवलं. कुठे लिहायचं, कसं लिहायचं. तो मान डोलावत बघत होता, पण त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता आणि तिला शिकवताना दोनदा चुकायला झालं.

"म्हणजे आता… कळ दाबायला कुणी नको?" त्याने हळूच विचारलं.

"नको. आता ही खिडकी मिटलीस तरी चालेल."

त्याने माउसवर हात ठेवला. ठेवला आणि काढून घेतला. "राहू दे. सवय आहे."

"बरं, मग उघडी ठेव. पण चल माझ्याबरोबर. तुझं पाणी कुठे जातं ते बघितलंयस कधी?"

टेकडीवरची टाकी त्याने वर्षानुवर्षं पडद्यावर आकड्यांत पाहिली होती. शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवलं आणि दोघं टेकडी चढून गेली. टाकी काठोकाठ भरली होती. सांडव्याच्या नळातून पाणी उडत होतं आणि वाऱ्याबरोबर त्याचे बारीक तुषार अंगावर येत होते. तिच्या पापण्यांवर, त्याच्या बाह्यांवर. खाली छपरांमागे छपरं पसरली होती.

"या सगळ्यांकडे तुझं पाणी जातं," ती म्हणाली.

"माझं कसलं! नदीचं." त्याने तिच्या गालावरचा थेंब पुसायला हात उचलला, ग्रीसचा डाग दिसला तसा मागे घेतला. तिने तो हात धरला आणि डागासकट गालाला लावला.

हात न सोडता ती म्हणाली, "मला कंपनीतर्फेच बाहेरच्या देशात काम मिळालंय. ही यंत्रं जिथे घडतात, तिथे. लहानपणी घरचा रेडिओ उघडून बसायचे ना, तेव्हापासून तिथे जायचं होतं… इथलं काम संपलं की निघायचंय."

तुषार उडतच होते. तो छपरांकडे बघत होता.

"मोठं काम आहे," तो म्हणाला.

"आहे."

"मग… जायलाच पाहिजे."

"पाहिजे का?" तिने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. एक शब्द. 'थांब' एवढा एकच शब्द त्याने म्हणावा, की ती थांबणार होती. तिचं ठरलं होतं. पण तो शब्द आपणहून त्याच्या तोंडात घालायचा नाही, हेही तिने ठरवलं होतं. माणसं अशीच ठरवून बसतात आणि मग ठरवलेलं सांभाळत बसतात.

"ऊन उतरलं," तो म्हणाला. "बाबा वाट बघत असतील."

उरलेल्या दिवसांत जिन्यावर चपला वाजल्या, चहाचे कप आले, पण खेळ काही पुन्हा रंगला नाही. ती लिहायला बसायची आणि लिहिलेलं पुसायची. एकदा तिने नुसतं 'बोल' लिहिलं. खाली निम्मं गेलं असणार. तो वर आला नाही.

निघायच्या दिवशी ती बाबांच्या पाया पडली.

"तू कुणाची गं?"

"मी तारांची, बाबा."

"परत कधी येणार?"

तिने त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. तो मागे दारात तिची बॅग घेऊन उभा होता. त्याने घसा खाकरला, आणि तिचा जीव सगळा कानांत आला.

"दोन नंबर खोकतोय," म्हातारा मध्येच म्हणाला. "अरे, बघ की जरा!"

तो बॅग खाली ठेवून पंपाकडे गेला. परत आला तेव्हा गाडी फाटकाशी येऊन थांबली होती. बॅग आत ठेवताना तो एवढंच म्हणाला, "पोचलीस की कळव."

तिने कळवलं. त्याने 'बरं' म्हणून उत्तर दिलं. मग सुरुवातीला फोन झाले, ते कामाचे. नवा सर्व्हर कसा चाललाय, जुन्याला अजून किती दिवस जोडीला ठेवायचा. ती जागी असताना तो झोपेला आलेला असायचा, तो जागा असताना ती घाईत. बोलणं संपताना दोघंही थोडा वेळ फोन धरून राहायची. दूरवर पंपांची घरघर ऐकू यायची. बाबांना त्या आवाजाशिवाय झोप का येत नसे, ते तिला आता कळत होतं.

मग जुना सर्व्हर कायमचा बंद करायचा दिवस आला. ते काम कंपनीने तिच्याकडेच ठेवलं होतं, कारण त्याची नस तिला ठाऊक. तिच्याकडे सकाळ होती. उंच खोली, मोठी काचेची खिडकी, फरशी अजिबात न थरथरणारी. कपातला चहा आरशासारखा स्थिर. तिने दुरून मधल्या डब्यात प्रवेश केला आणि लाईन उघडली. पलीकडे कोण आहे ते तिने बघितलं नाही. बघायचं काय त्यात? तो असणारच. आईच्या दिवसापासून ज्याने खिडकी मिटली नाही, तो आजच्या दिवशी मिटणार थोडाच!

आणि तिने मनाशी बेत केला होता. सर्व्हर शेवटचं जे काही बडबडेल, ते निम्मं तिच्याकडे येईल. मग ती फोन लावणार. म्हणणार, अर्धी अक्षरं तुझ्याकडे आहेत, वाचून दाखव. तो एकेक अक्षर सांगत जाईल आणि ती लिहून घेईल, अगदी सावकाश. आणि सगळं वाचून झालं, की आपणच म्हणणार. त्याच्या शब्दाची वाट बघत बसण्यात काय अर्थ होता? आपण म्हणणार, मला यायचंय. फोन तिने हाताशी काढून ठेवला होता.

तिने आज्ञा दिली.

सर्व्हर एकेक काम आवरायला लागला. ओळींमागून ओळी. पंपांचं बघणं थांबवलं, टाकीचं मोजणं थांबवलं… ती ओळी बघत होती, पण वाचत नव्हती. पाहुणे गेल्यावर पसारा आवरावा तसा तो शांतपणे आवरत होता. आणि अगदी शेवटी, दिवा मालवायच्या आधी, तो बोलला.

'जेवलीस का?'

ती खुदकन हसली. डोळे भरले होते तरी हसली. मग पुढची ओळ आली.

'थांब म्हणायचं होतं. म्हटलं नाही, कारण तू थांबली असतीस.'

आणि पडदा निश्चल झाला.

"मला विचारायचं तरी होतंस," ती त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. "शहाणा! एकट्यानेच ठरवून मोकळा."

हात फोनकडे गेला. गेला आणि अर्ध्यातच थांबला.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून, अक्षर अक्षर. मग त्याच्या वरच्या ओळी, सगळ्या, पहिल्यापासून. टी होता, एच होता, ए होता… एकही अक्षर गळलं नव्हतं. जिच्यावर तिला कधी एक धड वाक्य मिळालं नव्हतं, त्या लाईनीवर आज सगळंच्या सगळं तिच्याकडे आलं होतं.

तिने सकाळपासून जे विचारलं नव्हतं, ते आता मधल्या डब्याला विचारलं. बाबा रे, ही लाईन आणखी कुणी उघडून बसलंय का?

डब्याने निमूटपणे एकच नाव दाखवलं. तिचं.

वाक्य तिला पुरं मिळावं म्हणून त्याने खिडकी मिटली होती. आईच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. कुठे असेल तो आता? बाबांना खांद्याचा आधार देऊन टेकडीवर नेलं असेल, पंपांचा आवाज ऐकू येतो तिथवरच. बाबा विचारत असतील, तारावाली कुठे रे? आणि तो छपरांकडे बोट दाखवून म्हणत असेल, हे बघा बाबा, आपलं पाणी कुठवर जातं.

फोन तिने पालथा घातला. वाचून दाखव म्हणायला त्याच्याकडे आता काहीच उरलं नव्हतं.

चहा निवून गेला. कामाची माणसं येऊन बसली, बोलली, आपापल्या वाटेला लागली. एकाने तिच्या पडद्याकडे बघून विचारलं, "ही लाईन मेली ना? मग मिटत का नाहीस?"

"राहू दे," ती म्हणाली. "सवय आहे."